शूटिंगवाल्याचा आवाज

सरकाभाऊ रोज सकाळी चहाच्या आधी वायर गुंडाळायचे. काम असो वा नसो. लाईटची ती लांबलचक काळी वायर दारापासून स्वयंपाकघरापर्यंत सोडायची आणि मग तळहात आणि कोपर यांच्यामध्ये वेढे घालत परत गोळा करायची. मध्येच कुठे पीळ बसलेला असला तर थांबून तो बोटांनी उलगडायचा. घरातली माणसं तेवढा वेळ पाय उचलून चालायची. "वायर आतून तुटते," ते म्हणायचे, "आणि तुटते ती नेमकी नवरी हसायला लागली की."

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. लग्नाचं शूटिंग करायचं म्हणजे कॅमेऱ्यापुढे कुणी ना कुणी येऊन उभं राहणारच. कुणाचा खांदा, कुणाचं कडेवरचं पोर, कुणाची कौतुकाने पुढे आलेली आत्या. त्या सगळ्यांना ते "जरा सरका" म्हणायचे. नवरीच्या मामापासून हॉलच्या मालकापर्यंत त्यांनी सरकवला नाही असा माणूस त्या भागात राहिला नव्हता. त्यातून हे नाव पडलं, आणि मग त्यांच्या बायकोलाही लोक नुसतं "वहिनी" म्हणू लागले, कारण सरकावहिनी म्हणायला जीभ रेटेना.

इतक्या लोकांची तोंडं त्यांनी टिपली, पण त्यांचं स्वतःचं कुठे दिसायचं नाही. स्वतःच्या लग्नात तरी दुसरा फोटोग्राफर होता, तर त्या फोटोंमध्ये भाऊ नवरीकडे न बघता वर कुठेतरी बघताहेत आणि कपाळाला आठी आहे. वहिनींनी नंतर एकदा विचारलं, "मी आवडले नव्हते का तुम्हाला?" तर म्हणाले, "तू आवडली होतीस गं. त्याने लाईट चुकीचा लावला होता."

कॅमेरा भाऊंचा आणि कात्री वहिनींची, अशी वाटणी होती. बाहेरच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. भाऊ लग्नावरून टेप आणून द्यायचे, वहिनी ती कॉम्प्युटरवर उतरवायच्या, नको ते कापायच्या, गाणी चढवायच्या आणि डिस्क तयार करायच्या. डिस्कला डीव्हीडी म्हणायचं हे सगळ्यांना माहीत होतं, पण तोंडात सीडीच बसलेलं होतं. वहिनी हे काम कुणाकडे शिकल्या नव्हत्या. बघून बघून, चुकून चुकून हात बसला. आणि बसला तो असा, की दुसरे शूटिंगवाले आपली अडलेली कामं त्यांच्याकडे आणून टाकायचे.

त्या धंद्यात एक गोष्ट फार कमीपणाची समजतात. शूटिंग करणाऱ्याचा आवाज सीडीत येता कामा नये. तो कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ असतो, त्यामुळे तो साधं हुं म्हणाला तरी नवरा-नवरीच्या वरताण ऐकू येतं. भाऊ तर तोंड मिटून काम करणारे नव्हतेच. "काकू, इकडे", "पोराचं नाक पुसा आधी", "हसा की, दात दुखतायत का?" हे सगळं टेपवर असायचं. वहिनी ते डोळ्यांत तेल घालून वेचून काढायच्या. एखादा शब्द निघण्यासारखा नसला तर तिथे गाण्याचा आवाज हलकेच चढवायच्या. "वहिनींच्या सीडीत शूटिंगवाला होता असं वाटतच नाही," असं लोक म्हणायचे. भाऊ ते ऐकून खूश व्हायचे. "बघ, आम्हाला घरचीच गप्प बसवते," म्हणायचे. सीडी पसंत पडली की टेप मागे फिरवून पुढच्या लग्नाला वापरायची, हाही त्या धंद्यातला रिवाज. टेप झिजेपर्यंत तिच्यावर एकावर एक लग्नं चढत जायची.

एका सकाळी भाऊ कामाला गेले आणि हॉलमध्ये स्टँड उभा करता करता खाली बसले, ते उठलेच नाहीत. लेक तेव्हा शाळेत होती. त्यांच्याकडे शेवटपर्यंत बटणांचा साधा फोन होता. त्यात कुणाचा फोटो नव्हता की आवाज नव्हता.

त्यानंतर काही वर्षं गेली. लेक नोकरीला लागली. लग्नाच्या सीड्या संपल्या, लोक सगळं फोनवर बघू लागले. वहिनींकडे आता जुन्या सीड्या फोनवर घालून मागणारे यायचे, एवढंच.

आणि मग एका लग्नात, पाहुण्या म्हणून गेल्या असताना, हॉलचा मॅनेजर त्यांना बघून पुढे आला. गप्पांना बसलेल्या चारचौघांत त्याने भाऊंची आठवण काढली आणि मान तिरकी करून, नाकातून आवाज काढत म्हणाला, "जराऽऽ सरका!" सगळे हसले. वहिनीही हसल्या. मॅनेजर मायेचा माणूस होता, त्याने ते मायेनेच केलं होतं.

घरी येऊन चपला काढताना वहिनींच्या लक्षात आलं, की भाऊ असं नाकातून बोलत नसत. त्यांचा आवाज खालचा होता, थोडा बसका. हे त्यांना माहीत होतं. पण तो आवाज कानात आणायला गेल्या, तर मॅनेजरचाच आला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा मॅनेजर.

"तुला बाबांचा आवाज आठवतो का गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

लेक भांडी पुसत होती. तिने पुसणं थांबवलं. "आठवतो की," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "ते काय म्हणायचे ते आठवतं. आवाज... थांब जरा." तिला तो त्या दिवशी आठवला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

त्या आठवड्यात वहिनींनी माळ्यावरचे गोल डबे खाली काढले. प्रत्येक लग्नाची एक सीडी त्या आपल्याकडे ठेवत आल्या होत्या. कितीतरी डबे निघाले. काही सीड्यांचा वरचा चकचकीत थर पापुद्र्यासारखा सुटला होता, काहींवर बुरशीची नक्षी होती. वहिनींनी ठरवलं, यांतून एकात तरी ते सापडतीलच. माझ्या हातून कुठे ना कुठे सुटलेच असतील.

आधी त्या सीड्या नुसत्या बघत बसल्या. पण चित्र समोर असलं की डोळे तिकडे जायचे. ही नवरी आता केवढी झाली असेल, हा म्हातारा गेला, तो हॉल पाडला. कान बिचारे मागे राहायचे. लेक म्हणाली, "आई, चित्र हवंय कुणाला? नुसता आवाज काढून घेऊ ना." तिने एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून दिलं. सीडी ड्राइव्हमध्ये सरकवायची, त्यातला लग्नाचा भाग निवडायचा, चित्राच्या रकान्यातली खूण काढायची, आवाजाची ठेवायची आणि बटण दाबायचं. ड्राइव्ह घरघर करायचा, एक हिरवी पट्टी पुढे सरकत जायची आणि अख्खं लग्न आवाजाच्या एका फाईलमध्ये मावायचं. ती फाईल उघडली की पडद्यावर आवाजाची रेघ दिसायची. गाणं असेल तिथे रेघ जाड, गच्च. माणसं बोलत असतील तिथे विरळ, काट्याकाट्यांची. वहिनी त्या काट्यांवरून जायच्या. दोन गाण्यांच्या सांध्यावर थांबायच्या, कारण चूक झाली असेल तर तिथेच.

पण सांधे पक्के होते. सगळे. एका ठिकाणी कुणीतरी खाकरलं. ते भाऊ असावेत असं वाटून वहिनींनी तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकलं, आणि मग कळलं की ते नवरीचे काका. दुसऱ्या ठिकाणी गाणं सुरू व्हायच्या आत "ह" एवढंच होतं. 'हसा'चा ह असेल, 'हात वर घ्या'चा असेल. पुढचं वहिनींनीच कापलेलं.

"केवढं नीट काम केलंयस गं तू," लेक म्हणाली. ती चेष्टेने म्हणायला गेली होती, पण वाक्य अर्ध्यावरच जड झालं. वहिनींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "स्वतःच्या हाताने पुसून टाकला मी माणूस," त्या म्हणाल्या.  लेकीने चहा टाकला.

पुढे काही दिवस वहिनी कॉम्प्युटरकडे फिरकल्या नाहीत. मग एकदा कपडे वाळत घालताना त्या मध्येच थांबल्या. एका लग्नाची सीडी भाऊंनी स्वतः बनवली होती. लेकीच्या जन्माच्या वेळची. वहिनी हॉस्पिटलात होत्या, गिऱ्हाईक घाई करत होतं, आणि भाऊ आपले हौसेने कॉम्प्युटरपुढे बसले होते. त्यांना कापता कुठे येत होतं? मुलाकडचे तणतणत दारात आले होते. "नवरदेवापेक्षा तुमचाच आवाज जास्त आहे यात!" वहिनी तेव्हा नुकत्या घरी आल्या होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. तान्ही लेक मांडीवर घेऊन त्यांनी तीच टेप पुन्हा कापली, दोन्हीकडच्या लोकांना नव्या सीड्या पाठवल्या आणि जुन्या परत मागितल्या. मुलाकडची आली, ती त्यांनी मोडून टाकली. मुलीकडची काही आली नाही. नवरीच्या आईकडे दोनदा निरोप धाडला, दोनदा "शोधते" असं उत्तर आलं, आणि मग बाळाच्या रामरगाड्यात ते राहूनच गेलं.

नवरीची आई अजून मागच्या रस्त्यावरच राहत होती. आता आजी झालेली, नवरा जाऊन बरीच वर्षं लोटलेली. वहिनी दारात उभ्या राहिल्या आणि सीडीचं नाव काढलं मात्र, आजींनी कपाळावर हात मारला.

"अगं, अजून त्याच सीडीच्या मागे आहेस का तू? केवढी चिवट बाई! देणार नाही म्हटलं ना."

"तुम्ही 'शोधते' म्हणाला होता."

"मग 'देणार नाही' असं तोंडावर कसं म्हणणार?" आजी म्हणाल्या. "ये आत. मोडायला नेणार असलीस तर मात्र चहा मिळायचा नाही."

वहिनींनी खरं काय ते सांगितलं.  आजी ऐकत राहिल्या. मग आत गेल्या आणि कपाटातल्या कपड्यांच्या घडीतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या.

"तुझ्या सीडीत नवरी छान दिसते," त्या म्हणाल्या. "पण आमचे हे या वाईट सीडीतच आहेत. शेवटी. चित्रात नाहीत, नुसते बोलताहेत. यंत्र बिघडलं तेव्हापासून मीही ऐकलं नाही. लेक म्हणते दुकानात दे. पण हातातून गेली आणि परतच आली नाही तर?" त्यांनी पिशवी छातीशी धरली. "मी येते तुझ्याकडे. माझ्या डोळ्यांसमोर काय ते काढ."

रविवारी दुपारी आजी आल्या. कॉम्प्युटरजवळ खुर्ची ओढून अशा बसल्या, की जणू कुणाचं ऑपरेशन आहे. लेकीने सीडी उजेडात धरून बघितली आणि तिचा चेहरा पडला. बाहेरच्या कडेला, जिथे शेवटचा भाग असतो, तिथे ओरखडेच ओरखडे होते. आजींनी तेवढंच पुन्हा पुन्हा लावून ऐकलं होतं.

"पुसू का?" आजींनी पदर पुढे केला.

"नको, नको! पदर नको," वहिनी ओरडल्याच. त्यांनी चष्म्याच्या दुकानात मिळतं तसलं मऊ फडकं घेतलं आणि मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे, सरळ रेषेत, हळूहळू पुसत गेल्या. गोल फिरवून पुसलं की ओरखडा वाढतो. ड्राइव्हने सीडी आत घेतली, थोडी फिरवली आणि बाहेर टाकली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा ती बाहेर आली तेव्हा आजी म्हणाल्या, "माझ्यासारखीच आहे. नव्या घरात टिकत नाही."

लेक उठली आणि माळ्यावर चढली. भाऊंचा तो पहिला जुना कॉम्प्युटर तिथे धूळ खात पडला होता. त्यातला ड्राइव्ह तिने स्क्रू काढून खाली आणला, वायरी जोडल्या. तो जुना ड्राइव्ह सुरू होताना म्हातारा माणूस उठताना कण्हतो तसा कण्हला, पण त्याने सीडी धरली. पडद्यावर चित्र आलं. नवरी स्टेजवर चढत होती, आणि मध्येच तिच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले आणि सगळं थिजलं.

"गेलं?" आजींनी विचारलं.

"चित्र गेलं," लेक म्हणाली. "चित्र सोडून देऊ. आवाज निघतोय का बघू." तिने आवाजाची खूण तेवढी ठेवली, वाचता येणार नाही ती जागा सोडून पुढे जा असं सांगणारं बटण दाबलं आणि हात मांडीवर घेऊन बसली. हिरवी पट्टी निघाली. अर्ध्यापर्यंत सरळ गेली. पुढे थबकत, अडखळत. शेवटच्या कडेला येऊन इतका वेळ थांबली की वहिनींनी नकळत आजींचा हात धरला होता. मग पट्टी पुढे सरकली, संपली, आणि ड्राइव्ह शांत झाला.

वहिनींनी रेघ उघडली. या लग्नात गाणी फार नव्हती. सगळीकडे काटेच काटे होते. मध्ये मध्ये पांढऱ्या फटी होत्या, तिथलं गेलं ते गेलं. त्या थेट शेवटाकडे गेल्या. हेडफोन लावला नाही. स्पीकर चालू केला.

आधी हॉलचा गलका आला, खुर्च्या ओढल्याचा आवाज. मग अगदी जवळून, खालच्या, बसक्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "बाबा, इकडे या. इथे कोपऱ्यात कुणी बघत नाही."

वहिनी हलल्या नाहीत.

"कॅमेरा बंद आहे ना?" दुसरा आवाज. आजींनी डोळे मिटले.

"बंदच आहे. हे बघा, खाली धरलाय."

मग थोडा वेळ कुणी बोललंच नाही. मोठा माणूस रडू दाबतो तेव्हा श्वासाचा जो आवाज होतो, तो तेवढा येत होता. मग: "हिला सांगू नका. तिला वाटतं मी दगड आहे."

"मी शूटिंगवाला. मला कोण विचारतंय?" एक फट आली, आवाज तुटला, पुन्हा लागला. "...सावकाश. घाई नाही. फॅमिली फोटोला वेळ आहे अजून."

"तुम्हाला मुलगी आहे?"

"आज सकाळीच झाली."

"आज? अहो, मग तुम्ही इथे काय करताय?"

"तुमचं काम घेतलेलं ना." थोडं हसू त्या आवाजात. "दोघी झोपल्या होत्या. म्हटलं, उठवायला नको. मी आपला बघून आलो."

पुढे फट होती, आणि तिच्यापुढे काही नव्हतं.

 लेकीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती. मग आजी म्हणाल्या, "दगड नव्हते हो. मला माहीत होतं ते आधीपासून." आणि थोड्या वेळाने, "आणखी एकदा लाव."

त्यांनी ते पुन्हा लावलं. लेक हळूच म्हणाली, "आई, एकदाही सरका म्हणाले नाहीत." वहिनी दुसरंच काही पाहत होत्या. ही टेप त्यांच्या हातून गेली होती. कापताना पडद्यावर नुसती फरशी दिसली, कुणाच्या तरी बुटाचं टोक दिसलं, आणि त्यांनी आवाज न ऐकताच कात्री चालवली होती. जमीन दिसली की कापायचं, हा त्यांचा नेमच होता. भाऊंनी ते ठेवलं होतं. कापायला विसरले, की मुद्दाम ठेवलं, की कापताच आलं नाही, हे विचारायला आता कुणी नव्हतं.

लेकीने तो आवाज आजींच्या फोनमध्ये घालून दिला आणि कुठे बोट ठेवायचं ते दाखवलं. आजींनी जाताना सीडी पिशवीत घालून परत नेली. "काम झालं तरी ही माझीच," म्हणाल्या. लेक त्यांना घरापर्यंत सोडायला गेली.

वहिनी एकट्याच बसून राहिल्या. त्यांनी आवाज पुन्हा लावला नाही. लावायची गरज वाटली नाही. तो बसका, खालचा आवाज आता कानात होता, आणि तो आत येताच त्याच्यामागून आणखी कितीतरी बोलणं आत यायला लागलं. भाजीत मीठ कमी असल्याचं. लेकीला शाळेला उशीर होत असल्याचं. मग ती शेवटची सकाळ आली. वहिनी कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या, कानाला हेडफोन होता, आणि हात टेबलावर काहीतरी चाचपत होते. कागद उचलून बघितले, खण उघडून बघितला. भाऊ बॅग खांद्याला लावून निघाले होते, ते दारात थांबले आणि काहीतरी म्हणाले. वहिनींनी हेडफोनची एक बाजू उचलली. "काय?"

"चष्मा," ते म्हणाले. "डोक्यावर आहे तुझ्या."